भावजींची थकबाकी

उन्हं डोक्यावर आली, तरी मोटरवालीनं जेवणाचं नाव काढलं नव्हतं. लोकांचे जळलेले पंप दारात पडलेले, नि त्यांची गुंडाळी भरायला तांब्याची तार नाही. दुकानदारानं उधारी बंद केलेली. वारा नुसती माती उडवत होता, शिवारात पिकं माना टाकत होती.

"जा वसुलीवाल्याकडं," नवरा म्हणाला. "किती दिवस तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा?"

"पैसे थकवणारा सख्ख्या बहिणीचा नवरा आहे."

"म्हणूनच दोन हंगाम थांबलो ना! गरज सरो, वैद्य मरो."

ती उठली, बसली, पुन्हा उठली. शेवटी गेलीच.

वसुलीवाल्यानं बिल पाहिलं. "कामाबद्दल तक्रार आहे त्याची?"

"छे! पंप धो धो चालतोय."

"मुदत?"

"केव्हाच संपली."

"शेवटची तारीख देऊन बजावलंस का, नाहीतर बिल माझ्याकडं येईल म्हणून?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"मग आधी ते कर. त्याशिवाय मी हात लावत नाही. आणि चौथा हिस्सा माझा. नातं तुटलं तर ते तुझं."

तशीच ती तडक शेतावर गेली. भावजी पाटाला पाणी सोडत होते.

"भावजी, सोमवारपर्यंत पैसे द्या. नाहीतर बिल वसुलीवाल्याकडं जाईल."

भावजी हसले. "मेहुणीचं कुणी बिल भरतं का गं?"

तण काढणारी बहीण ताठ उभी राहिली. "कसलं बिल? मला तर म्हणालात, कधीच चुकतं केलं!"

भावजींचं हसू जागच्या जागी विरलं. बहीण चिखलाच्या हातानं जवळ आली. "सोमवारी पैसे नाही आले तर दे बिल त्याला. माझ्याकडं बघून थांबू नकोस."

सोमवारी दिवसभर मोटरवाली दाराशी येरझारा घालत होती. कुणी फिरकलं नाही. मंगळवारी तिनं बिल वसुलीवाल्याच्या हवाली केलं. तो भावजींच्या ओट्यावर तासभर नुसता बसला, तेवढ्यावर पैसे निघाले. चौथा हिस्सा गेला, पण तार आली, लोकांचे पंप चालू झाले. भावजी मात्र रस्त्यात दिसले तरी मान फिरवायचे.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचाच पंप जळला. दारात गाडी थांबली. बहीण उतरली. "पैसे आधी घे." भावजी पाठ करून गाडीतच बसले.

दोघी बहिणींना पंप हलेना. शेवटी कुरकुरत भावजी उतरले, तोंड वळवून एका बाजूनं धरलं.

"नीट धरा, पायावर पडेल," मोटरवाली म्हणाली.

"धरलंय," भावजी म्हणाले.

वर्षभरातला पहिला शब्द.