डाव्या चाकावरची कमान

गुरुपादप्पा शिरूर अनंतपाळच्या बाजारातून सायकलवर गावाकडे निघाले, तेव्हा दिवस मावळतीला आला होता. दिवाळी तोंडावर होती. हँडलला नातवंडांसाठी घेतलेल्या चुरमुऱ्यांची पिशवी लटकत होती. गावाच्या अलीकडच्या वळणावर मागून आलेल्या गाडीनं त्यांना उडवलं आणि ते कडेच्या तुरीत जाऊन पडले.

बाजूच्या पडीक रानात सिंधुमावशी शेळ्या वळवत होती. तिनं सगळं बघितलं. गाडी पांढरी होती आणि तिला खालून सगळीकडं काळी किनार होती. गाडी थांबली. एक माणूस उतरला, दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि म्हाताऱ्याकडं बघत राहिला. मग रस्त्यात आडवी पडलेली सायकल त्यानं पायानं बाजूला सारली, गाडीत बसला आणि निघून गेला. सिंधुमावशी ओरडत पळाली, पण नंबर टिपायचा तर तिला आकडे कुठं वाचता येत होते?

गावातून जीप येईपर्यंत अंधार पडला. लातूरच्या दवाखान्यात अप्पांचा श्वास रात्रभर चालू होता आणि उजाडता उजाडता थांबला. "थोडं आधी आणलं असतं तर," असं डॉक्टर म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत. अंबिका त्यांची एकुलती एक लेक. पुढचं वाक्य तिनं आपल्या मनात पुरं केलं, आणि ते तिच्या मनातून पुन्हा कधी गेलं नाही. अपघात काय, कोणाच्याही हातून होतो. पण तो माणूस उतरला होता. त्यानं बघितलं होतं.

पोलिसांना तुरीत काळ्या प्लास्टिकचा एक तुकडा सापडला होता, तळहाताएवढा. अंबिकानं तो बघायला मागून घेतला आणि हातात धरून उलटासुलटा केला. पालीच्या कातडीसारखा खरबरीत पोत, आणि तुटलेल्या कडेला स्क्रूचं अर्धं भोक. उरलेलं अर्धं त्या गाडीबरोबर गेलं होतं.

"पांढऱ्या गाड्या काय थोड्या हैत का बाई?" जमादार म्हणाले. "नंबर असता तर गोष्ट वेगळी."

अंबिकाचा नवरा वीरेश याचं लातुरात गाड्या रंगवायचं दुकान होतं. अंबिका नुसती डबा घेऊन येणारी बायको नव्हती. पत्र्याच्या खळग्यांत लांबी भरणं, पॉलिशपेपरनं घासणं, काचांना कागद आणि टेप लावणं, प्रायमर मारणं ही सगळी कामं तिची. शेवटचा रंग तेवढा वीरेश स्प्रे-गननं मारायचा. काळं प्लास्टिक बॉडीच्या रंगात करून देण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. वीरेश त्या कामाचे व्हिडिओ मोबाईलवर टाकायचा, आणि ते बघून लांबलांबची गिऱ्हाइकं यायची.

असाच व्हिडिओ बघून संक्रांतीनंतर भुजंग आला. कंधारकडचा माणूस, खडी-वाळूची कामं घेणारा. अंगानं भरलेला, बोलायला गोड. गाडी पांढरी होती.

"मिस्त्री, काळं म्हणून काही ठेवायचं न्हाई," तो म्हणाला. "बंपर, चाकावरच्या कमानी, दाराखालच्या पट्ट्या, आरशाची टोपणं, सगळं पांढरं करा. काळ्यानं गाडी जुनाट दिसायली."

वीरेश गाडीभोवती फिरला आणि पुढच्या डाव्या चाकापाशी थांबला. चाकावरच्या काळ्या कमानीचा खालचा कोपरा उडालेला होता.

"हे कशानं तुटलं?"

"रानडुक्कर आडवं आलं."

"मग नवी कमान मागवा की. चार दिवसांत येती."

"नवीबिवी नको. हाय तीच भरून घ्या," भुजंग म्हणाला. "नांदेडात बी हे काम झालं असतं. पर तुमचं नाव लई ऐकलं."

अंबिका एका दाराला कागद चिकटवत होती. तिनं हातातलं काम ठेवलं, चाकापाशी जाऊन बसली आणि कमानीच्या तुटक्या कडेवरून अंगठा फिरवला. तोच पोत. आणि कडेला स्क्रूचं अर्धं भोक.

तिनं मान वळवली तर डोळ्यांसमोर भुजंगचे पाय होते, चकचकीत चामडी चपला घातलेले. ह्याच पायानं सायकल सारली, एवढंच तिच्या डोक्यात आलं. हाताशी लोखंडी पाना होता. तो उचलून त्या पायावर घालावा असं तिला इतकं वाटलं की तिनं हात पदराखाली घेतले.

"होतंय ना काम, ताई?" भुजंगनं विचारलं.

"होतंय की," अंबिका म्हणाली. "गाडी ठेवून जावा."

तो गेल्यावर तिनं वीरेशला सांगितलं.

"अगं, कमानी तिथंच तुटतात. दहा गाड्यांच्या तुटलेल्या दाखवीन तुला."

"अर्धं भोक हाय त्याला."

"असंल. आपण गाडी परत देऊन टाकू. सांगू, कंप्रेसर बिघडलाय. असल्या माणसाच्या वाटंला जाऊ नको, अंबिका."

"गाडी परत द्यायची न्हाई."

"मग चल पोलिसांकडं, आत्ताच."

तिनं त्याचाही विचार केला होता. तुकडा जुळला तरी भुजंग म्हणणार, गाडी डायवरकडं होती, मी घरी होतो. एखादा गरीब डायवर उभा करणार, तो पोरगा आत जाणार आणि हा चपला वाजवत फिरणार. तिला गाडी नको होती. खाली उतरलेला माणूस हवा होता. त्याचं तोंड बघितलेली एकटी सिंधुमावशी, आणि ती ऊसतोडीला लेकाबरोबर कोल्हापूरकडं गेलेली.

अंबिकानं तिला फोन लावला.

"फोटूत मला उमगायचं न्हाई पोरी," सिंधुमावशी म्हणाली. "डोळ्यांम्होरं उभा कर. अंधारात सुदिक वळखीन."

"कधी येशील?"

"शिमगा झाल्यावर."

म्हणजे भुजंगला शिमग्यानंतर पुन्हा ह्या दुकानात यावं लागणार होतं, आणि तेही आपल्या पायांनी. त्याची सोय अंबिकाच्या हातात होती.

प्लास्टिकला रंग धरत नाही. आधी ते साबणानं धुवावं लागतं, सगळीकडून घासून खरबरीत करावं लागतं, मग प्लास्टिकचा वेगळा प्रायमर मारावा लागतो, तेव्हा कुठं वरचा रंग टिकतो. अंबिकानं बाकीची गाडी नेहमीसारखी केली. डाव्या बाजूच्या दोन्ही कमानी मात्र नुसत्या ओल्या फडक्यानं पुसल्या. घासल्या नाहीत, प्रायमर दाखवला नाही. तुटक्या कोपऱ्यात जुन्या बंपरचा तुकडा बसवला, तोही मागून डिंकानं, नावापुरता. तुटलेली कड तिनं पॉलिशपेपरला शिवूही दिली नाही. वीरेश जेवायला गेला असताना हे सगळं उरकलं. तो आला, त्यानं रंग मारला, वर चमक मारली. गाडी धुतलेल्या गाईसारखी पांढरीशुभ्र दिसू लागली.

भुजंग खूश झाला. आरशाच्या टोपणात स्वतःचं तोंड बघून हसला.

"महिनाभर प्रेशरच्या पाण्यानं धुऊ नका," अंबिकानं बजावलं. "नुसतं फडकं मारा. मी फोन करते, मग धुवा."

"लई काळजी घेता, ताई."

"घ्यावीच लागती," ती म्हणाली.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. स्वयंपाक करताना, दुकानात पत्रा घासताना, पोरांना शाळेला पाठवताना ती मनातल्या मनात त्या गाडीमागं फिरत असे. आता तो कंधारच्या बाजारात असेल. आता कुणाच्या तरी लग्नात पंगतीला बसला असेल. जेव, पोटभर जेव, असं ती म्हणायची. महाशिवरात्रीला देवळात तिनं बेल वाहिला, पण मागणं काही मागितलं नाही. हे काम देवावर सोपवायचं तिच्या मनात नव्हतं.

शिमगा झाला, सिंधुमावशी आली. अंबिकानं तिला लातुरात स्वतःच्या घरी आणून ठेवलं, आणि भुजंगला फोन केला.

"साहेब, रंग पक्का झाला. आता खुशाल प्रेशरनं धुवा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी दुकानासमोर येऊन आदळल्यागत थांबली. डाव्या बाजूचा रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटला होता. पांढरे पापुद्रे चाकावर लोंबत होते आणि खालचं काळं उघडं पडलं होतं. भुजंगचा गोडवा गेला होता.

"हे काम केलं का तुम्ही? लोक हसायलेत मला. कुठं गेला तो मिस्त्री?"

वीरेश धावत आला. कमानीकडं बघताच त्याला कळलं की इथं प्रायमर लागलेलाच नाही. त्यानं वळून बायकोकडं बघितलं. अंबिका शांतपणे पुढं आली.

"कुठं सुटलाय, साहेब? जरा वाकून दाखवा की."

भुजंग चाकापाशी गेला, गुडघ्यांवर हात टेकून वाकला. "हे बघा, हिथून पार..."

दुकानाच्या उंबऱ्यावर पदर डोक्यावर घेऊन सिंधुमावशी बसली होती. ती उठून उभी राहिली.

"ह्योच," ती म्हणाली. "असाच वाकला व्हता. ह्योच हाय अंबिका."

भुजंगनं मान वर केली. "कोण हाय ही बाई?"

अंबिका त्याच्या शेजारी बसली. लोंबणारा पापुद्रा तिनं बोटांत धरून ओढला आणि कमान पार सोलून काढली. डिंकानं बसवलेला कोपरा एका हिसक्यात निघाला. खाली तुटकी कड आणि अर्धं भोक जसंच्या तसं होतं.

"गुरुपादप्पा माझे अप्पा," ती म्हणाली. "शिरूरच्या रस्त्याला तुम्ही सायकल सारली ना पायानं, ती त्यांची."

भुजंगचं तोंड उतरलं. त्यानं इकडंतिकडं बघितलं. शेजारच्या टायरच्या दुकानातली माणसं जमली होती.

"म्हातारा तवाच गेल्ता," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी बघितलं. गेल्ता तो. थांबून काय उपेग व्हता?"

"न्हाई गेले. रातभर जित्ते होते. तुम्ही गाडीत घातलं असतं तर आज घरी असते."

ती ओरडली नाही. ह्या एका वाक्यासाठी तिनं सगळं केलं होतं. ते ऐकताना त्याचे डोळे कसे होतात ते तिला बघायचं होतं, आणि तिनं डोळे न हलवता ते बघितलं. त्याची नजर आधी खाली गेली, मग चाकावर, मग कुठंच ठरेना.

तो गाडीच्या दाराकडं वळला. तोवर वीरेशनं गाडीची किल्ली काढून घेतली होती. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. किल्ली खिशात टाकून तो बायकोच्या बाजूला येऊन उभा राहिला आणि पोलिसांना फोन लावला.

पोलिसांकडचा तुकडा कमानीच्या तुटक्या कडेत बरोबर बसला. जमलेल्या माणसांपैकी दोघांनी भुजंगचं बोलणं ऐकल्याचं लिहून दिलं, सिंधुमावशीनं जबाबावर अंगठा दिला. भुजंगला अटक झाली. पुढं जामीन झाला, केस उभी राहिली, तारखा पडू लागल्या. प्रत्येक तारखेला अंबिका कोर्टात पहिल्या बाकावर जाऊन बसायची, त्याला दिसेल अशी.

दुकानाला झळ बसली. कुणी म्हणालं, बाईनं हिमतीचं काम केलं. कुणी म्हणालं, जी बाई मुद्दाम कच्चा रंग मारती तिच्या हाती गाडी कशी द्यायची? वीरेश बरेच दिवस तिच्याशी तुटक बोलला. "मला तरी सांगायचं होतंस," एवढंच तो एकदा म्हणाला. तिनं कबूल केलं की सांगायला हवं होतं. पण परत वेळ आली तर काय करशील, असं त्यानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

मिरगाचा पाऊस जवळ आला होता, तेव्हा एक दिवस भुजंगची बायको दुकानात आली. वर्षाराणी तिचं नाव. अंबिकाच्याच वयाची. एकटीच बसनं आली होती, उन्हानं चेहरा सुकला होता. अंबिकानं तिला पंख्याखाली बसवलं, माठातलं पाणी दिलं, चहा सांगितला.

"ताई, ते रातचे झोपत न्हाईत," वर्षाराणी म्हणाली. "उठून बसतात. घरात कुणाशी बोलत न्हाईत. माझी सासू अंथरुणाला खिळली. त्या मावशीला तुम्ही सांगितलं तर जबाब फिरवतील. तुमच्या पाया पडते मी."

"तुम्ही पडू नका," अंबिका म्हणाली. "तुमचं काय त्यात?"

"मग मोकळं करा त्यांना. माणूस पार वाळून गेलाय, ताई."

अंबिकानं तिच्याकडं बघितलं. बाई खोटं बोलत नव्हती. तिच्या लेकरांचं काय होणार, हाही विचार अंबिकाच्या मनात येऊन गेला, आणि तिला तिची कीव आली. पण त्या किवेच्या खाली दुसरं काहीतरी होतं, ते थंड होतं आणि जागचं हललं नव्हतं. तो झोपत नाही, हे ऐकून तिला बरं वाटलं होतं. ते तिनं स्वतःपासून लपवलं नाही.

"चहा घ्या," ती म्हणाली. "लांबून आलाय. पर सिंधुमावशीला मी काही सांगणार न्हाई."

वर्षाराणीनं चहा घेतला. अंबिका तिला स्टँडपर्यंत सोडायला गेली आणि नांदेडची गाडी लागेपर्यंत थांबली. मग परत दुकानात आली, एका लाल गाडीचा बंपर पुढ्यात ओढला आणि पॉलिशपेपर पाण्यात बुडवून घासायला बसली.