ड्यूटीचा तक्ता

धुलाई कारखान्यात तिला सगळे हळूबाई म्हणत. चार इस्पितळांच्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे हिरवे झगे तिथे रोज धुवायला येत. गेली अकरा वर्षं ती मोठ्या रोलर इस्त्रीत चादरी सोडायचं काम करत होती. आवाज इतका बारीक की यंत्राच्या घरघरीत तिचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागे. म्हणून कामगार संघटनेची प्रतिनिधी म्हणून तिची निवड झाली, तेव्हा सगळ्यात मोठा धक्का तिलाच बसला.

त्याचं असं झालं. आधीचा प्रतिनिधी निवृत्त झाला. त्याला सगळे तोफ म्हणत. तोफ साहेबांच्या खोलीत धडाधड जायचा, टेबलावर मूठ आपटायचा आणि हात हलवत परत यायचा. आता त्याच्या जागी कोण, असं विचारल्यावर जो तो आपल्या बुटांकडे बघू लागला. शेवटी बॉयलरवाले काका म्हणाले, "हळूबाईला करा. ती निदान समोरच्याचं ऐकून तरी घेईल." टाळ्या पडल्या. नको म्हणायला तिने तोंड उघडलं, पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

सगळ्यांचं दुखणं एकच होतं. पूर्वी आठवड्याची ड्यूटी ठरलेली असे. वर्षापूर्वी नवी संगणक प्रणाली आली आणि उद्या कुणी किती वाजता यायचं, ते आदल्या संध्याकाळी मोबाइलवर कळू लागलं. कुणाची मुलीच्या शाळेतली बैठक बुडाली, कुणाची दुखरी दाढ महिनाभर तशीच राहिली. हळूबाईच्या सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना व्यायामाला न्यायचं तीनदा हुकलं. नवरा बस चालवायचा, त्याच्या वेळांचं आणखी तिसरंच. एका घरात राहून नवराबायकोची गाठ फ्रिजवरच्या चिठ्ठीत पडे.

पहिल्या बैठकीला व्यवस्थापक साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ताई, सगळ्यांचं माझ्या हातात नाही हो. ड्यूट्या संगणक लावतो. पण तुमच्या घरची अडचण मला ठाऊक आहे. तुम्हाला कायमची सकाळची ड्यूटी देतो. बघा विचार करून."

जिना उतरताना ती मनाशी हिशेब मांडत होती. कायमची सकाळ! तीनच्या ठोक्याला घरी. नवऱ्याबरोबर एक वेळचं जेवण.

घरी गेल्या गेल्या तिने सासूबाईंना सांगून टाकलं. सासूबाईंचा जन्म शिलाईच्या कारखान्यात गेला होता.

"मला चालायचंय गं, खोटं कशाला बोलू? पण एकटीला दिलेलं एकटीकडून काढून घ्यायला कितीसा वेळ लागतो? आणि चादरीचं दुसरं टोक धरणारीच्या तोंडाकडे तू उद्या बघणार कशी?"

"पण आई, तुमचा व्यायाम..."

"तोवर भिंत धरून चालेन. भिंतीला कुठे ड्यूटी आहे?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हळूबाईने साहेबांचं बोलणं सगळ्यांसमोर ठेवलं. घडीवाली, जिच्या जिभेला हाड नव्हतं, ती ताडकन उठली. "म्हणजे आमच्या सकाळी उचलून तुझ्या पदरात?"

"म्हणून तर सांगतेय. मला नकोत." मग ती म्हणाली, "ड्यूट्या संगणक लावतो ना? मग संगणकाला जे माहीत नाही, ते आपण सांगू."

एक खोका फाडून त्याच्या पाठीवर तक्ता मांडायला सुरुवात झाली. माहिती कुठे शोधायची नव्हती, सगळ्यांच्या कंबरेत होती. सोमवारी कपड्यांचा डोंगर, मंगळवारी टेकडी, गुरुवारी सपाट मैदान. अडलं ते रविवारपाशी. चार दिवस त्यावरून वादावादी, रुसवेफुगवे झाले. अखेर घडीवालीच म्हणाली, "रविवार म्हणजे सासुरवाडी. जायचं कुणालाच नसतं, पण जावं सगळ्यांनाच लागतं. आळीपाळीने जाऊ." हशा पिकला आणि रविवार सुटला.

दुसऱ्या बैठकीला हळूबाईने काका आणि घडीवालीला बरोबर नेलं. साहेबांनी पुठ्ठा उलटसुलट पाहिला.

"छान आहे. पण इस्पितळं ऐन वेळी जादा काम पाठवतात, त्याचं काय?"

हळूबाई काहीतरी म्हणाली. साहेबांना ऐकू आलं नाही. ते उठले, खिडकी लावली आणि म्हणाले, "पुन्हा सांगा."

"गेल्या नव्वद दिवसांत असं किती वेळा झालं, ते बघता का?"

साहेबांनी संगणकावर बराच वेळ बोटं चालवली. "अकरा वेळा."

"म्हणजे अकरा दिवसांसाठी आम्ही नव्वद दिवस टांगलेले."

घडीवाली आता तोंड सोडणार, तोच काकांनी तिचा पाय दाबला. साहेब कपाळ चोळत म्हणाले, "बरं, पण त्या अकरा दिवशी मी माणसं आणू कुठून?"

प्रश्न खरा होता. हळूबाईने ते कबूल केलं आणि अर्धा तास मागून घेतला. खाली यंत्रांच्या मधोमध सगळे जमले. परत गेली ती तोडगा घेऊनच: दर आठवड्याला चौघं राखीव, पण कोण ते पंधरा दिवस आधी ठरलेलं.

लगेच सह्या झाल्या असं नाही. मुख्य कचेरीला विचारण्यात आणि आणखी तीन बैठकांत महिना गेला. राखीव माणसांना वेगळा भत्ता हवा, ही मागणी काही मान्य झाली नाही. "यावर पुढे बोलू," एवढंच कागदावर आलं. पण बाकीचं आलं. तक्ता पंधरा दिवस आधी लागेल, ज्याचा त्याला विचारल्याशिवाय बदल होणार नाही. तीन महिने करून बघायचं.

तीन महिन्यांत दांड्या निम्म्यावर आल्या, तेव्हा मुख्य कचेरीने स्वतःहूनच मुदत वाढवली. सासूबाई मंगळवारी, शुक्रवारी व्यायामाला जाऊ लागल्या आणि तिथल्या बाईलाच काठी कशी धरायची ते शिकवू लागल्या.

एके दिवशी साहेब स्वतः जिना उतरून खाली आले. हातात नव्या इस्त्री यंत्राची चित्रं होती.

"ताई, दोन यंत्रांमधलं एक घ्यायचंय. तुम्हाला कुठलं बरं वाटतं?"

हळूबाईने हात पुसले. "साहेब, मला एकटीला नका विचारू. दहा मिनिटांत सुट्टी होईल. बसा."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, एक रिकामी ट्रॉली उलटी घातली आणि तिच्यावर बसले.