एकेचाळिसावं घर

माझ्या बिडीवर वाघानं बिडी पेटवली, हे मी लटारूनं इतक्यांदा सांगितलंय की आता वाघही नाकारत नाही. ही गोष्ट मात्र थापेची नाही, म्हणून सांगायला जड जाते.

चौऱ्याण्णवच्या भादव्यात नदीनं गाव नेलं, कागदांसकट. सरकार टेकडीवर एकेचाळीस घरं देणार होतं. घर कोणाचं होतं, ते ठरवायचं कसं? सरपंच गुणवंतराव म्हणाले, "नवं गाव वसवून राह्यलो, तं सुरुवात देवापासून. मारुतीपुढं बेल-भंडारा उचला, घर सांगा, पटवारी लिवतीन." बेलाचं पान अन् हळद हातात घेऊन जो खोटं बोलतो, त्याचा वंश बुडतो म्हणतात.

कल्हईवाला बाबूभाई पायरीशीच थांबला. "भाऊ, देऊळ देवाचं, यादी सरकारची. वही पारावर आणा ना."

"काऊन? मारुतीले भेतं का?"

"तुमच्या देवाची शपथ माह्या तोंडी खोटीच होईन. मी खुदाची घेतो."

"मंग जाय गोंडपिपरीच्या मशिदीत, अन् पावती घेऊन ये."

सगळे हसले. मीही.

तो खरंच गेला, पायी. इकडे माझी पाळी आली. घर सांगितलं, मग जिभेला सवयीची खाज सुटली अन् शेळ्यांचा गोठाही घर म्हणून सांगून टाकला. ते एकेचाळिसावं. यादी संपली.

तिसऱ्या दिवशी बाबूभाई मौलवींच्या सहीचा कागद घेऊन आला. पटवाऱ्यानं वाचून परत दिला. "सरकारी कामात धर्माचा कागद चालत नाई."

तो अन् त्याची बायको शमीम खालीच राहिले, पडक्या भिंतींवर ताडपत्री टाकून. वर माझ्या शेळ्या सिमेंटच्या फरशीवर रवंथ करत.

पुढल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी सरपंचाकडे गेलो. "भाऊ, ते घर लबाडीचं हाय. बाबूभाईले देजा."

"लटारू, वाघाची बिडी पुरे झाली. अन् खरं असन तरी देवापुढं ठरलं ते पंचायत फिरवत नाई."

मग बाबूभाईकडे गेलो. "चाल, वर राह्य."

"यादीत नाव आलं का?"

"नाई."

"मंग मी माह्याच गावात तुह्या शेळ्यांचा पाहुणा होऊ का?"

त्या भादव्यात नदी पुन्हा आली. शमीम एकटीच टेकडी चढून आली, कल्हईचा भाता छातीशी धरून.

पंचनाम्याला पटवारी आला. यादीवरून त्यानं दोनदा बोट फिरवलं. "नाव नाई. बाहेरचा लिवतो."

"आमच्या गावचा होता," मी म्हणालो.

त्यानं पेन थांबवलं. "कोणाच्या साक्षीनं, लटारू?"