अठरा मीटरवरचं पांढरं

कॅमेरा आधी वजीहच्या हातात पडला, तिथेच घोटाळा झाला. नाहुला पाणबुड्या पाहुण्यांना धोणीवरून, आपल्या बोटीवरून, उतरवून हवेच्या रिकाम्या टाक्या नळाखाली धूत होती, तेवढ्यात धक्क्यावरून भावाची हाक आली.

"कोक्को! अगं इकडे ये. रंग आलाय!"

नाहुला एकोणतीस वर्षांची झाली, पाहुण्यांना पाण्याखाली नेणारी बेटावरची पहिली बाई गाईड झाली, तरी वजीहसाठी ती कोक्कोच होती, धाकटी. ओल्या हातांनी ती जवळ गेली. छोट्या पडद्यावर मेज दिसत होतं, सगळ्यांच्या ओळखीचं ते प्रवाळ. गुलाबी.

बेटापासून पंधरा मिनिटांवर, पाण्यातल्या खडकाच्या माथ्यावर, पाच मीटर खोलीला ते प्रवाळ होतं. चार माणसं भोवती जेवायला बसतील एवढं सपाट आणि रुंद. बारा वर्षांपूर्वी एका धोणीच्या नांगराचा दोर त्याला अडकला आणि नांगर पस्तीस मीटरवर लोंबकळत राहिला. वरून ओढला असता तर प्रवाळाचे तुकडे झाले असते. वजीह त्या दिवशी तीनदा खोल जाऊन आला होता. तो चौथ्यांदा उतरला, नांगर सोडवला आणि हवा संपत आली म्हणून घाईने वर आला. रक्तात बुडबुडे धरले. तेव्हापासून तो डावा पाय ओढत चालतो आणि कमरेपेक्षा खोल पाण्यात जात नाही. प्रवाळ मात्र शाबूत राहिलं. लोक त्याला वजीहचं मेज म्हणू लागले, कोणी मायेने, कोणी चेष्टेने.

यंदा एप्रिलपासून समुद्र तापला होता. मेच्या पहिल्या आठवड्यात नाहुलाने घरी येऊन सांगितलं, मेज पांढरं पडलंय. वजीहने एकच शब्द विचारला, "सगळं?" ती म्हणाली, "सगळं." पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी निवलं तर काही आठवड्यांत रंग परततो. म्हणून वजीह रोज धक्क्यावर येऊन बसायचा आणि धोणी लागली की कॅमेरा मागायचा.

"दाखव बघू," म्हणत धोणीचा कप्तान जाबिरने कॅमेरा ओढून घेतला. "अरे, हे तर नवरीसारखं लाजलंय! वजीह, आता पायाकडे लक्ष ठेव. तोही एखाद दिवशी परत येईल."

"तुझी अक्कल आली की मग पाय येईल," वजीह म्हणाला आणि मोठ्याने हसला. नाहुलाने ते हसू महिन्याभरात ऐकलं नव्हतं.

तिला मात्र चूक कळली होती. जसजसं खोल जावं तसतसं पाणी लाल रंग खाऊन टाकतं. म्हणून त्या त्या खोलीवर कॅमेऱ्यासमोर पांढरी पाटी धरायची आणि बटण दाबायचं. हे पांढरं, असं कॅमेऱ्याला सांगायचं. मग तो हरवलेला लाल तेवढ्या हिशेबाने परत भरतो. खोली बदलली की पाटी पुन्हा दाखवायची, नाहीतर कॅमेरा खोटं बोलतो. हे तिला सोळाव्या वर्षी वजीहनेच शिकवलं होतं. आज तिने पाहुण्यांच्या शार्कसाठी अठरा मीटरवर पांढरं दाखवलं होतं. परतताना रक्तात बुडबुडे धरू नयेत म्हणून पाचवर तीन मिनिटं थांबायचं होतं, तेव्हा तिने मेजाचे चार फोटो घेतले आणि पाटी दाखवायची राहिली. अठरा मीटरचा लाल पाच मीटरवर ओतला गेला. तिच्या डोळ्यांना मेज पांढरंच दिसलं होतं.

काही न सांगता ती टाक्या धुवायला परत नळाकडे गेली.

संध्याकाळी धक्क्यावरच्या आपल्या दोरीच्या खुर्चीवर बसून वजीहने येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो फोटो दाखवला.

सकाळी चपातीसारख्या रोशीचा तुकडा मासे-खोबऱ्यात बुडवत त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "कितीवर पांढरं दाखवलं होतंस?"

नाहुलाने घास खाली ठेवला. "अठरावर."

"हं. फोटोत पाणी जांभळं आलंय. आपल्या समुद्राला जांभळं मी कधी पाहिलं नाही."

"तुला कालच कळलं, बेबे?" तिने थोरल्या भावाला विचारलं.

"जाबिर बडबडत होता तेव्हा."

"मग अख्ख्या गावाला का दाखवत बसलास?"

"तू का नाही बोललीस?"

वजीहने चहाचा पेला सरकवला. "आज असं कर. पाटी नको, कॅमेऱ्याला मेजच दाखव पांढरं म्हणून. मग पाटी शेजारी धर आणि फोटो घे. मेजात कुठे थोडासा रंग उरला असेल, तर पाटीवर उलटा रंग चढेल."

"आणि नसेल तर?"

"तर पाटी पांढरी येईल."

त्या दिवशी पाणी काचेसारखं होतं. नाहुला पाच मीटरवर गुडघे टेकून थांबली, सूर्य पाठीशी घेतला, चौकट मेजाने भरली आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याने एका क्षणात मान्य केलं. मग तिने मेजाला लावून पाटी धरली आणि फोटो घेतला. दुसरा घेतला. तिसराही घेतला, काही गरज नसताना. परत फिरताना मेजाच्या कडेला तिला हिरवट करडी बुरशीसारखी लव दिसली. वीतभर होती. अशी लव मेलेल्या प्रवाळावरच धरते, हे तिला माहीत होतं. तिने त्या कडेचाही फोटो घेतला.

या वेळी धोणी लागल्यावर तिने स्वतः कॅमेरा वजीहच्या हातात दिला. त्याने फोटो मोठा केला. पाटी पांढरी होती. नाहुलाचं बोट बोटाच्या रंगाचं होतं आणि मागून जाणारा मासा पिवळाधमक. पाण्याचा निळा अगदी खरा होता. असा अचूक फोटो तिने वर्षभरात काढला नव्हता. पुढचा फोटो कडेचा होता. वजीहने तोही मोठा करून पाहिला.

"काय रे," जाबिरने धोणीवरून ओरडून विचारलं, "नवरी कशी आहे?"

"पाणी निळं आलंय," वजीह म्हणाला.

त्याने कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवला, त्याची बटणं एकेक करून दाबून मीठ काढलं आणि तो नाहुलाला परत दिला. मग पाय ओढत तो घराकडे निघाला. दुसऱ्या दिवशी धोणी धक्क्याला लागली तेव्हा त्याची दोरीची खुर्ची रिकामी होती.