गोट्यांखालचे आठ दिवस

हे मी लिहिणारच नोतो. दोनदा टाईप केलं, दोनदा उडवलं. यात चूक माही आहे, अन ते मासोळ्यांवर ढकलता येत नाई.

माहं नाव प्रज्वल. बारावीपुढं शिकलो नाई, वरवट बकाल गावाले मोबाईलच्या दुकानात बसतो. चार वर्षांपासून आमच्या गावच्या नाल्यातल्या मासोळ्या पाहून राह्यलो अन वहीत लिहून राह्यलो. काही डोळ्यानं शिकलो, काही मोबाईलवर.

नाला माह्या दोस्ताच्या, गोकुळच्या शेताखालून जातो. जुलैत दोन-तीन पूर गेले की नदीतून मासोळी वर चढते, अंडी टाकाले. नाला एवढुसा, वीस पावलं रुंद. पन चार जाती येतात अन भांडत नाईत. शिंगट्या पाणी गढूळ असलं तव्हाच येतो, करंजाच्या मुळ्यांत घुसतो. कोतरी पाणी नितळ व्हायची वाट पाहते, मंग सकाळी काठच्या गवतात अंडी टाकते. मरळीची जोडी डोहात, थांबलेल्या पाण्यात. अन चौथी बोटाएवढी, पट्ट्या-पट्ट्याची. तिले आमच्या गावात कोणी नावच देलं नाई. ते वाहत्या पाण्यात, गोट्यांच्या थरात अंडी टाकते.

हे मी गोकुळले सांगतलं तं तो म्हणे, "आमची सामायिक विहीर पाह्य. सोमवार, बुधवार, शुक्रवार आमचा, बाकीचे वार चुलत्याचे. तरी दर हप्त्याले बोंबाबोंब. ह्यायले कोणं वार लावून देले बे?"

यंदा दुसऱ्या पुरात गोकुळच्या शेताचा नाल्याकडचा धुरा, म्हणजे बांध, फुटला. भगदाड असं, का बैलगाडी निघून जाईन. त्याच्या आत मिर्ची. अकरा सऱ्या, शालूकाकूनं, म्हणजे गोकुळच्या मायनं, वाकून वाकून लावलेली. पाणी उतरलं तसं गोकुळच्या बाबानं, रामरावकाकानं, वरवटहून जेसीबी बोलावलं. नाल्यातले गोटे काढाचे अन भगदाड बुजवाचं. गोटे नेमके तेच, पट्ट्यावालीचे.

मी धावत गेलो. हातात बरणी होती, त्यात नाल्याचं पाणी अन सकाळीच काढलेले पाच-सहा अंडे.

"काका, आठ दिवस थांबा ना."

"काऊन?"

"गोट्यात अंडे आहेत."

जेसीबीवाला कारभारी वरूनच हासला. "कोंबडीचे का बे? आणतो तवा."

"आठ दिवसांत पिल्लं निघतात काका. मंग घ्या गोटे."

"अन पूर आला तं? तुही मासोळी येईन का मिर्ची लावाले?" काका म्हणे.

गोकुळच मधात पडला. "बाबा, हवामानवाल्यायनं आठ दिवस उघाड सांगतली आहे. पज्या चार वर्षांपासून पाहून राह्यला. उगाच नाई सांगणार."

काकानं त्याच्याकडे पाह्यलं. "मिर्ची गेली तं तुह्या मायले तूच सांगजो."

"हाव, सांगीन."

कारभारी जेसीबी घेऊन गेला. जाता जाता मले म्हणे, "पिल्लायच्या बारशाले बोलावजो."

आता हे आठ कुठून आले ते सांगतो. मोबाईलवर एक वाचलं होतं, थंड मुलुखातलं. तिकडे बर्फ वितळलं की मासोळ्या वर चढतात अन अशाच जागा वाटून घेतात. त्यात अशाच एका गोट्यातल्या मासोळीच्या अंड्यायले आठ-दहा दिवस लागतात असं होतं. मी आठ धरले. तिकडचं पाणी थंडगार अन आमचा नाला दुपारी कोमट लागते, हे डोक्यात आलंच नाई.

दुसऱ्या दिवशी बरणीत पाह्यलं तं अंडे रिकामे. तळाले पिल्लं, सुईच्या टोकाएवढी, दोन दोन काळे डोळे. मले वाटलं, बरणी घरात आहे, ऊब लागली असन.

चौथ्या दिवशी सकाळी नाल्यावर गेलो. गोटे उचलून पाह्यले, एक, दोन, वीस. कुठीच काही नाई. पट्ट्यावालीची पिल्लं काठच्या गवतात जाऊन बसली होती, कोतरीच्या पिल्लायच्या शेजारी. कोतरीचा अंडी टाकाचा वार संपला होता, जागा मोकळी होती. वहीत लिहिलं, तारीख टाकली. खूश होतो.

फोन खिशातच होता. गोकुळले लावाले पाह्यजे होता, का आणा जेसीबी. नाई लावला. सगळ्यायसमोर आठ म्हटलं होतं, आता चारच पुरले म्हटलं तं कारभारी गावभर हासत फिरन. हे एवढंच कारण, दुसरं नाई. जेसीबी वरवटले रिकामंच उभं होतं. दुकानात जातायेता मले रोज दिसे.

सहाव्या दिवशी आमच्या गावात थेंब नाई. वर सातपुड्यात पडला असन. दुपारी चारले नाल्याले पाणी आलं अन भगदाडातून सरळ आत शिरलं. अकरातल्या सात सऱ्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तव्हा शालूकाकू गाळातून रोपं उपसून बकेटीत धुवून राह्यली होती. जे धडधाकट दिसे ते बाजूले ठेवे. माह्याकडे पाहून म्हणे, "ये बाबू." बस. रामरावकाका भगदाडात माती लोटून राह्यले होते. गोकुळले ते आदल्या रातीपासून बोलून राह्यले होते असं त्याच्या तोंडावरूनच दिसे, अन पूर येयाच्या आधीपासूनही रोज एकच चालू होतं, धुरा, धुरा, धुरा.

गोकुळनं मले बाजूले घेतलं. "तुह्या मासोळ्यायचं काय झालं? वाचल्या ना?"

"हाव," म्हटलं.

"मंग जाऊ दे. काहीतरी तं वाचलं."

दोन दिवस मी दुकानात बसलो अन स्क्रीनगार्ड तिरपे लावले. तिसऱ्या दिवशी, म्हणजे आज, संध्याकाळी त्याले नाल्यावरच्या रपट्यावर, म्हणजे ठेंगण्या पुलावर, बोलावलं. वही उघडून त्याच्या हातात देली. चौथ्या दिवसाचं पान.

त्यानं वाचलं. मंग परत वाचलं.

"चौथ्या दिवशी?"

"हाव."

"अन पूर सहाव्या दिवशी."

"हाव."

"मंग मधातले दोन दिवस मी बाबाच्या शिव्या कोणासाठी खाल्ल्या बे?"

मी सांगतलं. कारभारी हासन म्हणून. बरणीतली पिल्लं दुसऱ्याच दिवशी निघाली होती, तेही सांगतलं. गोकुळनं खाली पाण्याकडे पाह्यलं. शिंगट्या पाण्याच्या वर तोंड काढून राह्यला होता, पाणी गढूळ होतं ना.

"आठ चुकले तं चुकले," तो म्हणे. "माणूस चुकते. पन बरणी तं तुह्या घरात होती पज्या. तुले दिसलं होतं."

"हाव."

"बाबाले अजून वाटते, मीच येडा. दोस्ताच्या नादी लागला म्हणतात."

त्यानं वही परत देली. फेकली नाई, देली. "उद्या जेसीबी येऊन राह्यलं. सकाळी."

"उद्या सोमवार ना? तुमचा वार."

"हाव. बाबा विहिरीवरच असतीन."

"मंग मी येतो गोकुळ. काकाले मीच सांगतो, चौथ्या दिवसाचं. वही दाखवतो."

"कारभारी असन तिथं."

"असू दे. त्याच्यासमोरच सांगतो."