वहीच है, अम्मा

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे, असं मला पाहून कुणीही म्हणेल. खरं सांगायचं तर मी अगदी अलीकडची. माझ्या कंपनीनं फार वर्षांपूर्वी एक इलेक्ट्रिक गिटार काढली होती. मग ती बंद पडली, आणि लोक अजून तिची आठवण काढतात म्हणून हुबेहूब तशीच पुन्हा काढली. तीच मी. सायीच्या रंगाचं दोन शिंगांचं अंग, तारांखाली जुन्या पद्धतीनं गुंडाळलेली तांब्याची तार. वाजवणाऱ्याचा कोपर जिथं टेकतो, तिथला रंग तर कारखान्यातच घासून उडवला. तारुण्य बघण्याआधीच मी म्हातारी झाले.

आवाज मात्र माझा गोड आहे, हे मीच सांगते. जुन्या गिटारीची एक खोडही माझ्यात मुद्दाम ठेवली आहे. ॲम्प्लिफायर चालू केला की मी बारीक घुमत राहते, आणि तारांवर हात ठेवला की गप्प होते. विजेचा खेळ आहे, दुसरं काही नाही.

चिक्कडपल्लीच्या एका दुकानातून दीपमालानं मला घेतलं. तिचे वडील नागोराव लग्नांत आणि जयंतीच्या कार्यक्रमांत अशीच गिटार वाजवत. ती एकदा ऑटोत राहिली ती राहिलीच, आणि पुढे नागोरावही गेले. दुकानात दीपमालाची आई पंचफुलाबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. दुकानदार कौतुकानं म्हणाला, "वहीच है अम्मा. बंद हो गया था, अब फिरसे निकाले."

तो मॉडेलविषयी बोलत होता. बाईंना वाटलं, हरवलेली गिटारच कुठून तरी शोधून काढली. दीपमालाच्या ते लक्षात आलं, पण आईचा चेहरा बघून तिनं तो गैरसमज तसाच राहू दिला.

मलकपेठच्या घरी त्यांनी मला ॲम्प्लिफायरला जोडलं. मी घुमू लागले. पंचफुलाबाई जवळ आल्या, घासलेल्या जागेवरून बोटं फिरवली आणि हलकेच म्हणाल्या, "अहो, आलात का?" मग तारांवर हात ठेवला. मी गप्प झाले. त्यांना उत्तर मिळालं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच. मी भिंतीवर, खाली ॲम्प्लिफायर चालू, आणि समोर बसून बाईंच्या गोष्टी. पाणी आलं नाही, गुडघा दुखतो, दीपमाला ऐकत नाही. मला मऊ फडक्यानं पुसत, पण वाजवू कुणाला देत नसत. मित्रांनो, इतकी माया कुणाच्या वाट्याला येत नाही, आणि मला तिची भीती वाटू लागली होती. ज्याला मी कधी पाहिलं नाही, तो माणूस माझ्या अंगात राहायला आला होता.

जयंतीच्या दिवशी दीपमालाला बाबांच्या जागी वाजवायचं होतं. तिनं मला उतरवायला हात घातला.

"राहू दे. थकलेत ते," पंचफुलाबाई म्हणाल्या.

दीपमाला थांबली. "आई, ही ती नाही गं. कंपनीनं तसलीच नवीन बनवली. दुकानवाला ते बोलत होता."

"मग हा कोपर कुणाचा?"

"कारखान्यात घासलाय. जुनी दिसावी म्हणून."

बाईंनी त्या जागेवर हात ठेवला आणि विस्तव लागल्यासारखा काढून घेतला. मी तशीच घुमत होते. त्यांनी विचारलं, "मग ते कुठं हायेत?"

पंचफुलाबाईंनीच मला खुंटीवरून काढलं आणि लेकीच्या हातात दिलं.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा मनसोक्त वाजले. पहिल्या रांगेत बाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्या मला ऐकत नव्हत्या, माझ्यात जे नव्हतं ते ऐकत होत्या.

मित्रांनो, आम्हाला पुसा, जपा, वाजवा. पण गेलेल्या माणसाची हाक आम्हाला मारू नका. आम्हाला ती ऐकू येते, आणि ओ देता येत नाही.