वाजेपर्यंत पुढे

गॅसवर किटली शिट्टी मारत होती. पाणी आटलं, बूड निळं पडलं, तरी डेलबर्ट टेबलाशी बसून शांतपणे पेपर वाचत होता.

*

गॅरेजमागच्या गवतात रातकिडे ओरडत होते. "यंदा किडेच नाहीत बघ," डेलबर्ट म्हणाला.

*

"नोले, तुझ्या बापाला ताठा आलाय का गं?" मर्ल हॅटनने दुकानात विचारलं. "मागून हाका मारल्या, ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही."

*

स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर चंदेरी ठिपके. मिठाच्या कणांएवढे.

*

पत्र्याच्या डब्यात गोट्या.

*

हे सगळं नोलाने सुटंसुटं पाहिलं होतं, ऐकलं होतं आणि ती ते विसरूनही गेली होती. पत्र्याच्या डब्यात गोट्या खळखळाव्यात तसा आवाज तिने जूनमध्ये हायवेच्या चढावर ऐकला, आणि बाकीचं आपोआप येऊन त्याला चिकटलं.

एकोणसत्तर सालची शेव्हेल गाडी ती चालवत होती. शेजारी बाप. शर्यतीला खुले पाइप असतात, मग कुणालाच काही ऐकू येत नाही; म्हणून तपासणीच्या फेरीला डेलबर्ट सायलेन्सर लावायचा. वरच्या गियरमध्ये गाडी हळू आणायची आणि एकदम पाय दाबायचा. मग ऐकायचं.

डेलबर्टला ऐकू आलेलं: एक्झॉस्टची खोल घरघर. रस्त्याच्या सांध्यांवर टायरचे धपके.

नोलाला ऐकू आलेलं: घरघर. धपके. आणि त्या सगळ्याच्या वर, बारीक, कोरडं, खळखळखळखळ.

"ऐक," डेलबर्टने बोट वर केलं. "रेशीम आहे नुसतं. हे इंजिन अजून मागतंय, पोरी."

तिने पाय काढला.

"डॅडी, मला जरा..."

"काय?"

"काही नाही."

*

डेलबर्ट स्पर्लॉक केंटकीच्या डोंगरातून डेट्रॉइटला आला तो पत्रा ठोकायला. गाड्यांचे दरवाजे, छपरं, बॉनेट. त्या शेडच्या गोंगाटात माणसं आयुष्यभर हातवाऱ्यांनी बोलली. कानात कापूस घालणाऱ्याला तिथे बाई म्हणत. कारखाना बंद झाला, नोलाची आई त्याआधीच गेली होती, आणि डेलबर्टकडे उरलं घरामागचं गॅरेज आणि कान. एखाद्या डॉक्टरच्या हाताला गुण असतो, तसा डेलबर्टच्या कानाला होता. टोलीडो शहरापासून लोक गाड्या आणत. बॉनेट उघडून तो डोळे मिटायचा, ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा, आणि इंजिनचा सूर बदलायचा. ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा सगळे वापरतात. डेलबर्ट त्याला वकिलाची बत्ती म्हणायचा, ज्यांना कान नाही त्यांची.

त्याचा नियम नोलाला पाळण्यातच पाठ झाला असावा. पिस्टन वर चढत असतो. तो टोकाला पोचायच्या थोडं आधी ठिणगी पडली पाहिजे. जितकी आधी, तितका जोर जास्त. पण फार आधी पडली की पेट्रोलचा भडका वर येणाऱ्या पिस्टनच्याच डोक्यावर घण घालतो. तो घण म्हणजे गोट्यांचा आवाज. म्हणून ठिणगी आधी आधी आणत वाजेपर्यंत पुढे जायचं, मग दोन डिग्री मागे यायचं.

वाजेपर्यंत पुढे.

ज्याला वाजलेलं ऐकूच येत नाही, तो मागे कधी येणार?

*

तिने प्रयत्न केले. केले नाहीत असं कुणी म्हणू नये.

प्लग काढून तिने बापाच्या तळहातावर ठेवला. "डॅडी, हे ठिपके बघा. ॲल्युमिनियम आहे. पिस्टन झडतोय."

त्याने प्लग लांब धरला, जवळ धरला, अंगठ्याने पुसला. "पेट्रोल घाणेरडं आहे हल्लीचं."

जेवताना, घेवडा आणि मक्याचा ब्रेड खात, तिने विषय काढला. "एकदा कान दाखवून येऊ या का?"

"कोणाला दाखवू? माझ्या कानाला लोक गाड्या दाखवायला येतात."

तो हसला. तीही हसली, कारण बोलणं मजेदार होतं. हसताना तिला दिसलं की तो तिच्या ओठांकडे बघत होता. तो कितीतरी दिवस ओठांकडेच बघत असणार.

ओरडून सांगता आलं असतं. गॅरेजमध्ये, चारचौघांत: तुम्हाला ऐकू येत नाही. मग इंजिन वाचलं असतं. दोन हिवाळे खपून बांधलेलं, हाताने घासून जुळवलेलं, पुन्हा मिळणार नाही असं इंजिन. आणि त्या माणसात काय उरलं असतं? पेन्शन आणि अंगणातली खुर्ची.

शनिवारी तो न्हाव्याकडे गेला असताना तिने बॉनेट उघडलं, बोल्ट सैल केला आणि डिस्ट्रिब्युटर मागे फिरवला. चांगला मागे. चढावर एकटीने फेरी मारली. आवाज नाही. गाडी सुरेख ओढत होती. नोलाने गाडी वळवली आणि बाप यायच्या आत गॅरेजमध्ये लावली.

डेलबर्ट आला, त्याने बॉनेट उघडलं. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी त्याने टोच्याने रेघ मारून ठेवलेली होती.

"ह्याला हात कोणी लावला?"

"बोल्ट सैल राहिला असेल."

"मी घट्ट केला होता."

"मग माहीत नाही, डॅडी."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिचे ओठ मिटलेले होते. वाचण्यासारखं काही नव्हतं. त्याने रेघेला रेघ जुळवली. मग अजून एक डिग्री पुढे.

*

शर्यत रविवारी सकाळी, चर्चच्या आधी, बंद कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर. पोलीस तेव्हा नाश्त्याला असतात. मर्लची प्लिमथ गाडी उजवीकडे. माणसं दोन्ही कडांना, कॉफीचे कागदी पेले घेऊन.

नोलाचं ठरलं होतं. सुटायचं, तिसऱ्या गियरमध्ये पाय काढायचा, हरायचं. इंजिन घरी न्यायचं. हरलेल्या गाडीला बाप पुन्हा उघडेल, काहीतरी बदलेल. वेळ मिळेल.

मर्ल खिडकीशी वाकला. "सूट तू घे, नोले. तू हललीस की मी हलेन. म्हाताऱ्याला तेवढी भीक घालतो."

"भीक घरी ठेव, मर्ल. बायकोला नवा दात बसवता येईल."

कडेची माणसं खिदळली. मर्लही हसला, मग आवाज उतरवून म्हणाला, "खरं सांग. कान गेला ना त्याचा? लोक बोलतात. आज तुम्ही हरलात तर मी माझी गाडी दुसरीकडे नेणार बाबा. राग मानू नकोस."

पलीकडे डेलबर्ट सुरुवातीच्या रेघेवर उभा होता, टोपी काढून छातीशी धरलेली. सगळे हसले तेव्हा तो एका क्षणाच्या उशिराने हसला होता.

नोलाने गियर टाकला.

ती सुटली. पहिला. दुसरा. प्लिमथ आरशात गेली. तिसऱ्यात पाय काढायचा होता. खुल्या पाइपांत काही ऐकू येत नव्हतं, पण पायाखालच्या पत्र्यातून तिला ते जाणवत होतं, तळव्याला मुंग्या याव्यात तसं. पाय काढ. पाय काढ, नोला.

चौथा.

मग काहीतरी मऊ झालं. गाडीतला जोरच निघून गेला, आरशात निळसर पांढरा धूर, आणि धुरातून मर्ल पुढे गेला.

*

माणसं धावत आली. डेलबर्ट सगळ्यांच्या मागून, चालत. कुणी काही विचारायच्या आत नोला दार उघडून म्हणाली, मोठ्याने, प्रत्येक शब्द ओठांनी नीट घडवत:

"गियर चुकला. माझाच. इंजिन भलतंच जोरात फिरलं आणि गेलं."

"बाईच्या हातात दिलं की असंच," कुणीतरी म्हणालं.

"तोंड आवर," मर्ल म्हणाला, पण मान हलवत.

*

आठवड्याने डेलबर्टने इंजिन उघडलं. ती दारात उभी होती. सातव्या पिस्टनच्या डोक्यात अंगठा जाईल एवढं भोक होतं, कडा मेणासारख्या ओघळलेल्या.

गियर चुकला तर व्हॉल्व्ह वाकतात. पिस्टन वितळत नाही. हे गाड्या बांधणाऱ्या प्रत्येकाला कळतं. डेलबर्टने तो भोक पडलेला पिस्टन उजेडात धरला, त्यात अंगठा घातला. मग पिस्टन चिंधीत गुंडाळून कचऱ्याच्या पिंपात टाकला, आणि वर तेलकट पुठ्ठे टाकले.

"गियर नीट टाकायला शिक," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"हो, डॅडी."

*

मर्ल पुढच्याच शनिवारी आला. "पोरीने घालवली, नाहीतर काय उडत होती रे! माझीही तशीच करून दे, म्हाताऱ्या."

फेरी मारून ते परतले, आणि डेलबर्टने अंगणातच बॉनेट उघडलं. मर्ल स्टिअरिंगमागे बसून रेस देत होता, खुशीत शीळ घालत. नोला स्वयंपाकघराच्या खिडकीत बशा धूत होती.

डेलबर्टने डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला. सूर चढला. अजून फिरवला. मर्लने पाय दाबला, आणि त्या घरघरीच्या वर तो गोट्यांचा आवाज आला. मर्लला कळला नाही. तो पूर्वीपासून डेलबर्टच्याच कानाने ऐकत आला होता.

डेलबर्टने मान वर केली. खिडकीकडे पाहिलं. विचारायचं असेल तेव्हा तो भुवया उचलायचा, आताही उचलल्या.

नोलाने साबणाचा हात वर केला. दोन बोटं. मागे. ओठांनीही सांगितलं: वाजतंय, डॅडी. दोन मागे.

त्याने वाचलं. वाचल्याचं तिला दिसलं. भुवया खाली आल्या, चेहरा दगडासारखा झाला. मग त्याने तिच्याकडे पाठ केली, डोळे मिटले, डोकं एका बाजूला कलवलं, सगळे त्याला ज्या ऐटीत ओळखत होते त्याच ऐटीत, आणि डिस्ट्रिब्युटर अजून एक डिग्री पुढे फिरवला.

"ऐक," तो मर्लला म्हणाला.

मर्लने ऐकलं. "रेशीम," तो म्हणाला.

नोलाने खिडकी ओढून घेतली. काचेतूनही तो आवाज येत होता.

*

नोला जन्मली तेव्हा डेलबर्ट कारखान्याच्या त्या गोंगाटात दुसऱ्या पाळीवर होता. निरोप घेऊन आलेला माणूस त्याच्या कानाशी ओरडत राहिला, आणि शेवटी त्या माणसानेच फळीवर खडूने लिहून दाखवलं की मुलगी झाली.